मधल्या पायऱ्या

आमच्या ऑफिसात ‘फाइल चालू झाली’ असं कोणी म्हटलं की त्याचा अर्थ ‘चहाला चला’ असा होत असे. निघोज्याच्या रस्त्याला आमचं प्रेस शॉप आहे. पत्रा कापून, दाबून गाड्यांचे सुटे भाग करायचे आणि चाकणमधल्या मोठ्या कंपन्यांना पाठवायचे, एवढाच धंदा. उद्या कोणाला कोणता भाग लागणार, गोदामात किती पडलाय, पुढच्या शिफ्टला काय दाबायचं, हे सगळं एका एक्सेल फाइलमधून निघे. संध्याकाळी बटण दाबलं की स्क्रीन थरथरायला लागे. एकेक सेल निवडला जाई, रंगवला जाई, एक शीट उघडे, मिटे, पुन्हा उघडे. तोवर कॉम्प्युटरला हात लावायची सोय नाही. मग सगळे उठून गेटबाहेर सोजराबाईच्या टपरीवर जात, चहा होई, कोणाच्या तरी साडूची उणीदुणी निघत, आणि परत येईपर्यंत फाइल झालेली असली तर असे.

मला ती फाइल बघवत नसे. मी तिथे एमआयएसचं काम करते, म्हणजे सगळ्यांचे आकडे गोळा करून साहेबलोकांना समजतील असे मांडायचे. त्या फाइलमधला प्रत्येक फॉर्म्युला एक साधा पार्ट नंबर शोधायला अख्खा कॉलम वरपासून तळापर्यंत धुंडाळत होता. भरलेल्या ओळी काही हजार, आणि हा शोधतोय दहा लाखांत. शेजारणीकडे मीठ मागायला जायचं, तर आधी आम्ही राहतो त्या अख्ख्या चिखलीची दारं वाजवून यायची, असला तो कारभार. शिवाय कोणी कोणी आपापल्या सोयीसाठी मधे वाढवून ठेवलेले कॉलम. या कॉलममधून त्या कॉलममध्ये, तिथून तिसऱ्यात, आणि मग कुठे उत्तर.

“चालतंय ना, मग कशाला हात लावताय मॅडम?” आमचे प्लॅनिंगचे मॅनेजर रणजीत सर म्हणायचे. ते इथल्याच जुन्या शेतकरी घरातले. कंपनीच्या कुंपणाला लागून असलेलं रान अजून त्यांचंच आहे.

चालत होतं त्यांचं. माझं चालत नव्हतं. आमची जनरल शिफ्टची बस साडेपाचला सुटते, आणि ती फाइल मला त्या बसला पोचू देत नसे. मग मागून मिळेल त्या गाडीनं मोशीच्या गर्दीत कुजत घरी जायचं, आणि पोचेपर्यंत दिव्या झोपलेली.

दिव्या माझी मुलगी. तीन वर्षांची होऊन गेली तरी बोलत नव्हती. कानाच्या तपासण्या झाल्या, डोक्याच्या झाल्या, सगळं ठीक निघालं. तिला कळायचं सगळं. चप्पल आण म्हटलं की आणायची, आत्याचा चष्मा शोधून द्यायची. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या औशाहून दिव्यासाठीच आमच्याकडे येऊन राहिल्या होत्या. चिंचवडला स्पीच थेरपीच्या एका मॅडमकडे दिव्याला नेत होतो, त्यांनी मला स्पष्टच सांगितलं होतं. “तिला बोलता येत नाही असं नाही. तुम्ही तिला वेळ देत नाही. प्रश्न विचारता आणि उत्तरही तुम्हीच देता. तिच्यापुढे बसा, विचारा, आणि गप्प बसून थांबा.”

थांबणं हा गुण माझ्यात नाही. कुकरची शिट्टी व्हायच्या आत मी गॅस बंद करते, असं नवनाथ, माझा नवरा, सगळ्यांना सांगत असतो. पण साडेपाचची बस मिळाली तर दिव्यापुढे बसायला रोज संध्याकाळ मिळेल, एवढं मला कळत होतं. मला तिच्या तोंडून आई ऐकायचं होतं. दुसरं काही नको होतं मला.

म्हणून मी ती फाइल मुळापासून बदलली. मधले कॉलम काढून टाकले. सगळा माल एका दमात कॉम्प्युटरच्या डोक्यात भरायचा, तिथेच जुळवायचा आणि एका दमात शीटवर उतरवायचा, असा मॅक्रो लिहिला. मॅक्रो म्हणजे एकदाच लिहून ठेवायची कामाची रीत. बटण दाबलं की तो ती पाळत जातो. त्याच्या सुरुवातीला एक ओळ टाकतात. काम संपेपर्यंत स्क्रीनवर काही दाखवू नकोस, असं त्या ओळीनं सांगायचं. आणि अगदी शेवटी दुसरी ओळ, की आता दाखव. काम होतं तेवढंच, पण दाखवण्यात जाणारा वेळ वाचतो. ज्याला पोळी खायची आहे त्याला कणीक तिंबताना कशाला दाखवायची, असं मी ऑफिसात सगळ्यांना शिकवलंसुद्धा.

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा रणजीत सर मागे उभे होते. डोळ्याचं पातं लवायच्या आत अहवाल तयार.

“मॅडम, कालचाच दाखवताय का काय?” ते म्हणाले. त्यांनी दोन-चार आकडे हातानं ताडून पाहिले.

त्या दिवशी चहाला कोणी उठलं नाही. गेटवर सोजराबाईनं मला गाठलं. “फाइल सुदारली म्हनं तुमी. आता कुनीच येत न्हाई की वं इकडं.” मी हसून बसकडे पळाले. दिव्या जागी होती. मी तिच्यापुढे बसले, विचारलं, थांबले. ती माझ्याकडे बघत राहिली, मी तिच्याकडे. बोलली नाही, पण मला बरं वाटलं.

काही आठवडे असेच गेले. मग एका संध्याकाळी मॅक्रो मधेच आपटला. डिस्पॅचच्या पिंटूनं संख्येच्या रकान्यात ‘बघतो’ असं लिहून ठेवलं होतं. आता ‘बघतो’मध्ये साठा कसा मिळवायचा? मॅक्रो तिथेच थांबला, आणि शेवटची ओळ, ती ‘आता दाखव’ म्हणणारी, चाललीच नाही. स्क्रीनवर आदल्या दिवसाचे आकडे गोठून राहिले. मी काही भरलं की ते खाली भरलं जात होतं हे मला कळत होतं, पण वर काही हलत नव्हतं. अशा वेळी सगळं नीट बंद करून, ती ओळ हातानं चालवून मगच उठायचं असतं. आमच्या कामातल्या कोणालाही विचारा. पण बस सुटायला आली होती. मी आकडे अंदाजानं पाठवून दिले, लॅपटॉप तसाच मिटला आणि पळाले.

बसमध्ये खिडकीशी बसले. शेजारी आम्रपाली, क्वालिटीमधली. बस गेटमधून वळली. उजव्या हाताला रणजीत सरांच्या रानातला ऊस दिसला.

आणि माझी किल्ली आमच्या दाराच्या कुलपात होती.

मी तिसऱ्या मजल्यावर, आमच्या दारापुढे उभी होते. खांद्यावर पर्स, हातात कोथिंबिरीची जुडी. डोळे चोळावेत तर झोप झाल्यासारखं काहीच वाटत नव्हतं. मान आखडलेली नव्हती, तोंड कोरडं नव्हतं. मधलं तळवडे नव्हतं, चौकातली गर्दी नव्हती, बसमधून उतरणं नव्हतं, कोथिंबीर घेणं नव्हतं. कोथिंबीर मात्र कोवळी होती. मी घेते ती निम्मी पिवळी निघते.

“येळेवर आलीस बाई,” दार उघडलेलं बघून आत्या म्हणाल्या. “उभी राहून काय करलालीस?”

मी दमले असेन असं समजले. दुसऱ्या दिवशी फाइल नीट उघडली, मीही तो विषय सोडून दिला. पण संध्याकाळी पुन्हा तेच झालं. गेट, ऊस, आणि दार. तिसऱ्या दिवशीही. खरं सांगायचं तर मला ते आवडलं. त्या रस्त्यावरची गर्दी ज्यानं सोसली आहे तो मला नावं ठेवणार नाही. लोक त्या गर्दीत म्हातारे होतात, आणि माझ्या वाट्याला ती येतच नव्हती.

एकदा सकाळी आम्रपाली म्हणाली, “काल तू किती हसवलंस गं. आणि तुझ्या बाबांचं सांगत होतीस ते ऐकून मला रात्रभर झोप नाही.”

“काय सांगत होते मी?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. “चेष्टा करतेस का?” ती म्हणाली आणि मग दिवसभर जरा लांबलांबच राहिली. माझ्या वडिलांविषयी मी घरातसुद्धा बोलत नाही.

मग घरातलंही जायला लागलं. भाजी चिरायला घेतली की ताटं धुऊन पालथी घातलेली दिसत. तोंडात चव असे, पोट भरलेलं असे, पण जेवण नसे. कपड्यांचा ढीग उचलला की घड्या कपाटात. सगळं नीट झालेलं. मीठ बरोबर, घड्या माझ्यापेक्षा सुबक. कामात चूक काढायला जागा नाही. आंधळा मागतो एक डोळा, तसं मला वाटत होतं. घरातली कटकट आपोआप उरकते आहे, मला दिव्यापुढे बसायला ताजंतवानं राहता येतंय, अजून काय पाहिजे?

थेरपीच्या मॅडमच्या दारातून आत पाऊल टाकलं त्या दिवशी मात्र मी घाबरले. आत पाऊल टाकलं आणि बाहेर पडत होते. मॅडम दारापर्यंत सोडायला आल्या होत्या. त्यांचे डोळे चमकत होते.

“असंच करत राहा,” त्या म्हणाल्या. “तुम्ही आज जशा थांबलात ना, तसं मी फार कमी आयांना जमलेलं पाहिलंय.”

दिव्यानं माझं बोट धरलं होतं. तिच्या तोंडावर हसू होतं. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि ते हसू हळूहळू गेलं. रडली नाही, बोट सोडलं नाही. नुसतं हसू गेलं.

त्यानंतर मी हिशेबी डोक्यानं बघायला सुरुवात केली. माझा तोच स्वभाव आहे. काय जातं आणि काय उरतं? ज्या कशाच्या शेवटाकडे मी डोळे लावून बसे, त्याचं मधलं जात होतं. बसमध्ये घर डोळ्यांपुढे असे, स्वयंपाकात जेवणं उरकायची घाई असे. आणि दिव्यापुढे बसले की मनात एकच, आज तरी बोलेल का. म्हणजे तिच्यापुढे मी मांडी घालून बसायची, आणि लगेच ती झोपलेली असायची, मी तिच्या अंगावर पांघरूण घालत असायची. ज्या संध्याकाळींसाठी मी सगळं केलं त्या संध्याकाळी माझ्या हाती लागतच नव्हत्या. थंडीत तिचा लाल स्वेटर काढला तर बाह्या कोपरापर्यंत आल्या. कधी वाढली ही?

“शेवटी लेकरू बोललं की,” आत्या एका सकाळी डबा भरताना म्हणाल्या. रात्री बोलायचं त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं, कारण मला माहीत आहे असंच त्या धरून चालल्या होत्या. “कालच्याला तुझ्यासंगं बोललं म्हणते मी. देवाला साखर ठिवली मी.”

“काय बोलली?”

“आता गं? तुझ्याच मांडीवर बसलेली होती की.”

“आत्या, काय बोलली दिव्या?”

त्यांना वाटलं, मला ते पुन्हा ऐकायचंय. त्यांनी हसत माझ्या गालावरून हात फिरवला. “आई म्हणली,” त्या म्हणाल्या.

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. तेवढं रडणं मात्र पुरतं माझ्या वाट्याला आलं.

नवनाथला मी सगळं सांगितलं. तो दुसऱ्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे, यंत्रं दुरुस्त करतो, विश्वास ठेवायचा तर पुरावा लागतो त्याला. “अगं, पण तू असतेस तिथे,” तो म्हणाला. “मी बघतो ना. इतकी शांत मी तुला कधी बघितली नाही. खरं सांगू का, बरं वाटतं घरात आल्यावर.” मग माझा चेहरा बघून त्यानं फोन काढला. “हातच्या काकणाला आरसा कशाला? परवाचा व्हिडिओ आहे. घे, बघ.”

पहिल्या चित्रात मी चटईवर बसले होते, दिव्या समोर. माझी पाठ कॅमेऱ्याकडे. मी बटण दाबलं.

व्हिडिओ संपला होता. खालची रेघ शेवटाला टेकली होती. नवनाथ हसून हसून डोळे पुसत होता.

“ऐकलंस? ते मांजराचं ऐकलंस का?”

मी पुन्हा लावला. संपला होता. पुन्हा लावला. रेघेवर बोट ठेवून मधेच थांबवायला गेले. संपला होता. नवनाथचं हसू कधीच थांबलं होतं, तो माझ्याकडे बघत होता. “तू पाच वेळा बघितलास सलग,” तो म्हणाला. “आणि प्रत्येक वेळी बघताना हसलीस. मग आता असं काय करतेस?”

डॉक्टरकडे गेले. त्यांनी काय विचारलं ते मला सांगता येणार नाही, हातात झोपेच्या गोळ्यांची चिठ्ठी होती एवढं खरं.

मग मला सुचलं ते कोणत्याही एक्सेलवाल्याला सुचेल तेच. बदल केल्यावर बिघडलं, तर बदल मागे घ्या. जुनी फाइल मी जपून ठेवली होती. ती उघडली, जुनं बटण दाबलं. मला ती थरथर बघायची होती. एकेक सेल रंगताना, शीट उघडताना, मिटताना बघायचं होतं. तसलं कुथत कुथत चालणारं काम आयुष्यात कधी मला इतकं हवंसं वाटलं नव्हतं.

अहवाल तयार होता. मागून सगळे चहा पिऊन परत येत होते. “फाइल चालू झाली म्हटल्यावर आम्ही म्हटलं, चला,” रणजीत सर म्हणाले. खुशीत होते. “किती दिवसांनी राव. तुम्ही का नाही आलात? नुसत्या स्क्रीनकडं बघत बसलेल्या.”

मी त्यांना केबिनमध्ये गाठलं आणि सांगायचा प्रयत्न केला. कामाच्या माणसाला कळेल असं सांगितलं, की मधलं दिसत नाही, नुसता शेवट येतो.

त्यांनी ऐकून घेतलं. “पण मॅडम, शेवट बरोबर येतोय ना?”

“येतोय.”

“चूक हाय का कुठं?”

“नाही.”

“मग कम्प्लेंट काय लिहू मी?” ते खरोखरच विचारत होते. ते तसे चांगले आहेत. त्यांनी मला दोन दिवसांची रजा घ्या म्हणून सांगितलं. ती रजा कशी गेली हे तुम्हाला सांगायला नको.

आमच्याकडे गुरुवारी सुट्टी असते. गुरुवारची सकाळ आणि शुक्रवारची सकाळ एकमेकींना चिकटायला लागली तेव्हा मी शेवटचा प्रयत्न करायचं ठरवलं. शेवटाकडे डोळे लावले की मधलं जातं ना? मग शेवटच नको. कुठे जायचंच नाही. अर्धी रजा टाकून दुपारी कंपनीतून निघाले. मिळालेल्या रिक्षातून तळवड्याच्या चौकात उतरले, का उतरले हे स्वतःला न विचारता. आणि चालायला लागले.

दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत गेले. वेल्डिंगचं दुकान, त्याच्या पुढे टायर, मग सळया. लेथच्या कुबट तेलाचा वास आला तो उभं राहून घेतला. एका गाळ्यात पोरं पत्र्याला भोकं पाडत होती, ती सगळी भोकं पाडून होईपर्यंत बघितलं. पोरांनी मला वेडी ठरवली असेल. धुळीनं डोळे भरले, टाच सोलली. दुखत होतं, सलग दुखत होतं, मधे कुठे तुटत नव्हतं. उसाच्या गाड्यावर एक ग्लास रस घेतला आणि त्याचा प्रत्येक घोट मला लागला. मला इतका आनंद झाला की मी रसवाल्याला दिव्याचं नाव सांगितलं.

आमची इमारत आली तेव्हा ऊन अजून गच्चीवर होतं. खाली पार्किंगमध्ये आत्या आणि शेजारणी मटार सोलत बसल्या होत्या. त्यांच्या पाठी माझ्याकडे होत्या. दिव्या त्यांच्याजवळ नव्हती. मी हाक मारली नाही.

जिना चढले. एकही पायरी गेली नाही.

दारापाशी आले आणि थांबले. आतून कोणी बोलत होतं.

“पिवळी होती,” एक लहान आवाज म्हणाला. किंचित घोगरा. मी तो कधी ऐकला नव्हता, तरी मला कोणी सांगावं लागलं नाही. “आणि तिची शेपटी अर्धीच होती.”

“अर्धीच?”

विचारणारी थांबली होती. घाई नाही, हूं नाही, मग पुढे काय नाही.

“अर्धी तिनं घरी ठेवली,” दिव्या म्हणाली.

विचारणारी हसली. तो माझा आवाज होता. फोनमध्ये आपला आवाज आपल्याला परका वाटतो, तसा नाही. बोलताना डोक्याच्या आतून ऐकू येतो, तसा.

मी पर्समधून किल्ली काढली. किल्ली कुलपाला लागली, वाजली.

“ती आली?” दिव्यानं विचारलं. हळू, पण भ्यालेलं नव्हतं.

“हो.”

“जाईल?”

“जाईल. जरा वेळ गप्प बसू या.”

मी दार उघडलं.

खोलीत दिव्या एकटी होती. चटईवर मांडी घालून बसलेली, तोंड माझ्याकडे. स्वयंपाकघरात पाहिलं, बाथरूममध्ये पाहिलं, बाल्कनीचं दार आतून लावलेलं होतं. परत येऊन तिच्यासमोर बसले. थंडीचे दिवस, फरशी गार होती. चटईवर मी जिथे बसले तेवढीच जागा ऊबदार होती.

“दिव्या,” मी म्हटलं, “मला पण सांग ना मांजराचं.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मी थांबले. या वेळी खरंच थांबले, दुसरं काही मनात आणलं नाही. उन्हाची तिरीप भिंतीवरून वर सरकली, ती मी सरकताना पाहिली. खालून कुकरच्या शिट्ट्या ऐकल्या. ती बोलली नाही.

मग ती उठली. माझ्याजवळ आली, आपले दोन्ही तळवे माझ्या पापण्यांवर ठेवले, आणि हळूच, दुखू नये अशा बेतानं, माझे डोळे मिटवले. आणि मी जायची वाट बघत उभी राहिली.

मी डोळे उघडले नाहीत.

निदान दिव्याचा आवाज तरी कानावर पडेल म्हणून.